ट्विन उडवताय तर इंजिन-फेलची प्रॅक्टिस कशी, कुठे आणि किती करायची

ठाणे-नवी मुंबईतनं ट्विन, म्हणजे दोन इंजिनांचं छोटं विमान, उडवणारे तसे मोजकेच. कोणाचं स्वतःचं आहे, कोणी दोघा-तिघांत मिळून घेतलंय, आणि बाकीची पोरं-पोरी मल्टी रेटिंग (ट्विन उडवायची परवानगी) करून आलेली, जमेल तसे तास विकत घेऊन उडणारी. पण सगळे मला विचारतात ते एकच, की मॅडम, इंजिन-फेलची प्रॅक्टिस नक्की किती करायची? कमी केली तर खरी वेळ आल्यावर हात-पाय चालत नाहीत, आणि जास्त केली, नको त्या उंचीवर केली, तर प्रॅक्टिसच जीव घेते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून हे सविस्तर लिहितेय. मी मल्टी शिकवते आणि माझं मत याबाबतीत ठाम आहे: जमिनीवर बसून शिकता येतं ते हवेत शिकायला जायचं नाही, आणि जे हवेतच शिकावं लागतं ते भरपूर उंचावर शिकायचं, मग इन्स्ट्रक्टर कितीही अनुभवी असू दे.

आधी गणित बघून घ्या

दोनपैकी एक इंजिन गेलं की ताकद अर्धी होते हे बरोबर, पण क्लाइंब अर्धा होत नाही, तो ८० ते ९० टक्के जातो. कारण विमान चढतं ते लेव्हल उडायला लागणाऱ्या ताकदीच्या वर जी शिल्लक असते तिच्यावर, आणि नेमकी ती शिल्लकच संपते, वर बंद इंजिनाचा ड्रॅग (हवेचा विरोध) लागतो तो वेगळाच. समजा तुमचं विमान दोन्ही इंजिनांवर मिनिटाला १,३०० फूट चढतं आणि एका इंजिनावर पुस्तकात २०० लिहिलेत. हे २०० कधी मिळतात, तर विमान नवं, पायलट कंपनीचा, बंद इंजिनाचा प्रॉप फेदर झालेला, म्हणजे ड्रॅग कमी व्हावा म्हणून पाती हवेच्या दिशेला वळलेली, गियर (चाकं) आणि फ्लॅप वर आणि स्पीड बरोबर ब्लू लाइनवर, म्हणजे एका इंजिनावर विमान सगळ्यात चांगलं चढतं त्या स्पीडवर, तेव्हा. आता ८८ नॉट्सने जाताना या २०० च्या हिशोबाने ५०० फूट चढायला अडीच मिनिटं लागतात आणि तेवढ्यात तुम्ही पावणेसात किलोमीटर पुढे गेलेले असता, म्हणजे साधारण वाशीहून बेलापूरपर्यंत, आणि ते सगळं टॉवरांच्या उंचीवरनं.

त्यात आपली गरमी. एप्रिलमध्ये पनवेलला ३६ डिग्री असेल तर समुद्रसपाटीलाच विमान २,५०० फुटांवर असल्यासारखं वागतं. पुण्यात लोहगावची उंचीच १,९४२ फूट, तिथे ३८ डिग्रीला डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) ५,००० च्या वर जातो. म्हणजे ते पुस्तकातले २०० फूट बऱ्याचदा १०० पण नसतात, आणि चार माणसं नि सामान भरून निघालात तर काहीच नसतं. अमेरिकेच्या जुन्या पार्ट २३ नियमांमध्ये तर ६,००० पौंडांपर्यंतच्या आणि ६१ नॉट्सपर्यंत स्टॉल स्पीड असलेल्या ट्विनने एका इंजिनावर चढलंच पाहिजे अशी अट नव्हतीच, चढतं की उतरतं ते मोजून लिहा एवढंच म्हटलं होतं. आपण उडवतो त्यातली कित्येक विमानं त्याच काळातली आहेत. स्वतःच्या विमानाचा चार्ट आजच काढा आणि आपल्या वजनाला, आपल्या तापमानाला आकडा किती येतो तो वहीत लिहून ठेवा, सगळं पुढचं त्याच्यावर आहे.

दोन्ही बाजूंनी काय होतं

३० जून २०१९ ला टेक्सासमध्ये अ‍ॅडिसनला किंग एअर ३५० टेकऑफ करत होतं, डाव्या इंजिनाचा थ्रस्ट कमी झाला आणि पायलटने सुरुवातीला रडर (नाक सरळ ठेवायचं पायातलं पेडल) दाबला तोही डावाच. विमानातले दहाही जण गेले. सराव नसला की पाय असा उलटा जातो, हे लक्षात ठेवा.

आता दुसरी बाजू. २२ मार्च २०१० ला ऑस्ट्रेलियात डार्विनला एक ब्राझिलिया विमान ट्रेनिंगला निघालं, आत फक्त दोन पायलट. टेकऑफ झाल्या झाल्या एका इंजिनाचा पॉवर लिव्हर फ्लाइट आयडलपर्यंत (हवेतल्या सगळ्यात कमी पॉवरपर्यंत) मागे ओढला गेला, खरं तर तो झीरो थ्रस्टला ठेवायचा असतो, म्हणजे फेदर झालेल्या प्रॉपएवढाच ड्रॅग लागेल अशी पॉवर. आयडलला ड्रॅग त्यापेक्षा खूप जास्त, विमान हाताबाहेर गेलं आणि दोघंही गेले. ३० मे २०१७ ला ऑस्ट्रेलियातच रेनमार्कला सेस्ना कॉन्क्वेस्ट, चेक फ्लाइट, आत तीन पायलट आणि तिघंही मुरलेले. टेकऑफनंतर कमी उंचीवरच इंजिन फेलचा एक्सरसाइज दिला, स्पीड येत नव्हता, क्लाइंब येत नव्हता, तरी एक्सरसाइज थांबवला गेला नाही आणि विमान पडलं. या दोन्ही विमानांची दोन्ही इंजिनं धडधाकट होती. हे मी प्रत्येक नव्या स्टुडंटला पहिल्याच दिवशी सांगते, कारण चांगल्या हेतूने केलेली प्रॅक्टिस म्हणजे आपोआप सेफ असं लोकांना वाटतं.

घरी काय करायचं

ड्रिल आधी घरी खुर्चीवर पाठ करायचं. क्रम असा: स्पीड आणि डायरेक्शन धरा, मिक्श्चर-प्रॉप-थ्रॉटलचे लिव्हर सगळे पुढे, फ्लॅप वर, गियर वर, मग ओळखा, खात्री करा, फेदर करा. ओळखायचं पायावरनं, विमान सरळ ठेवताना जो पाय मोकळा राहतो त्या बाजूचं इंजिन गेलेलं. खात्री करायची म्हणजे त्याच बाजूचा थ्रॉटल हळू मागे घ्यायचा, काही फरक पडला नाही तर ओळख बरोबर. मग फेदर. आणि चालू इंजिनाकडे दोन-तीन डिग्री झुकवून बॉल (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणारी पॅनेलवरची गोळी) अर्धा बाहेर.

माझे एक स्टुडंट आहेत, रबाळे एमआयडीसीत कारखाना, सगळे त्यांना काका म्हणतात, मी पण. त्यांनी पॅनेलचा मोठा फोटो प्रिंट करून डायनिंग टेबलाला चिकटवलाय. संध्याकाळी उडताना घालतात तेच बूट घालून बसतात, खाली दोन विटा पेडल म्हणून. काकू किचनमध्ये त्यांचं त्यांचं काम करत असतात आणि मधेच मनात येईल तेव्हा ओरडतात, "डावं!" काकांचा उजवा पाय दाबला जातो, डावा सैल सोडतात, हात फोटोतल्या डाव्या थ्रॉटलवर जातो आणि तिथे थांबतो. थांबून ते मोठ्याने म्हणतात "डावा पाय मोकळा, डावं इंजिन", मग बोट मागे घेतात, मग डावा प्रॉप लिव्हर, तिथेही पुन्हा हात ठेवून नाव घेतात आणि मगच ओढतात. कधी कधी काकू "उजवं" म्हणून लगेच "नाही नाही, डावं" करतात, ते तर मला फारच आवडलं, कारण चुकीचा लिव्हर हातात आल्यावर थांबण्याची सवय त्यातनं लागते. त्या एका सेकंदासाठीच हे सगळं करायचं. चुकीचं इंजिन फेदर झालं की विमानाकडे काहीच उरत नाही.

इथे एक सांगते, ड्रिल विमानाप्रमाणे बदलतं. सेनेकासारख्या विमानात प्रॉप साधारण ८०० आरपीएमच्या खाली गेला की लॉक बसतात आणि तो फेदर होतच नाही, त्यामुळे इंजिन जाम व्हायची लक्षणं असतील तर रेंगाळून चालत नाही. डीए-४२ मध्ये मिक्श्चर-प्रॉपचे लिव्हरच नाहीत, तिथे त्या इंजिनाचा मास्टर स्विच बंद केला की प्रॉप फेदर होतो. एका विमानावर पाठ केलेलं दुसऱ्यात तसंच्या तसं करायला जाऊ नका.

सिम्युलेटरमध्ये काय करायचं

जे विमानात करणं मूर्खपणाचं आहे ते सगळं इथे करा. उचलल्यावर ५० फुटांवर फेल, गियर वर जात असताना फेल, ढगात वळणात असताना फेल, रात्री, एका इंजिनावर गो-अराउंड (लँडिंग सोडून पुन्हा वर चढणं), फेदर न होणारा प्रॉप. आणि अर्धवट फेल तर नक्की घ्या, इंजिन पूर्ण मरत नाही, खोकतंय, कधी पॉवर देतंय कधी नाही, माणूस सगळ्यात जास्त यातच गोंधळतो आणि याची प्रॅक्टिस कोणी मागत नाही. सर्टिफाइड सिम्युलेटर मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर घरी कॉम्प्युटरच्या एक्स-प्लेन सिम्युलेटरवर पेडल जोडून ड्रिलचा क्रम आणि इन्स्ट्रुमेंट स्कॅन नक्की होतो, फक्त त्यावर पायाला लागणाऱ्या जोराचा अंदाज येत नाही, त्यासाठी विमानच पाहिजे.

सिममध्ये एक्सरसाइज संपला की तिथेच पॉज करून बोला. क्रॅश झालात तर रीसेट मारून लगेच पुढे जाऊ नका, स्पीड कधी पडला, कोणी बघितला नाही, हे शोधा.

विमानात काय करायचं आणि किती उंचीवर

इथे आकडे पाळायचे, त्यात चर्चा नाही. व्हीएमसी (एका इंजिनावर विमान ताब्यात राहतं तो सगळ्यात कमी स्पीड) डेमो, इंजिन खरोखर बंद करून फेदर आणि पुन्हा स्टार्ट, हे सगळं जमिनीपासून ३,००० फुटांच्या वर संपलं पाहिजे, अमेरिकन टेस्ट स्टँडर्ड पण हेच म्हणतं, आणि संपलं पाहिजे म्हणजे सुरू त्याहून बरंच वर करायचं. मी ५,००० धरते. आणि जमिनीपासून म्हणजे जमिनीपासून, दख्खनच्या पठारावर जमीनच १,८००-२,००० फुटांवर असते, तेव्हा अल्टिमीटरवर ७,००० दिसले पाहिजेत.

३,००० च्या खाली फेल द्यायचं ते फक्त थ्रॉटल हळू मागे घेऊन, मिक्श्चर किंवा फ्युएल सिलेक्टर बंद करून कधीच नाही. स्टुडंटने फेदरची कृती बोलून हात लावून दाखवली की लगेच झीरो थ्रस्ट सेट करायचा, त्याचा आकडा तुमच्या विमानाच्या पुस्तकात शोधून स्टिकरवर लिहून ठेवा. टेकऑफनंतरचं फेल ४०० फुटांच्या खाली नाही आणि कंपनीने दिलेल्या व्हीएसएसई स्पीडच्या (मुद्दाम इंजिन-फेल द्यायला सुरक्षित अशा सगळ्यात कमी स्पीडच्या) खाली नाही, ही टेस्टची हद्द झाली. माझ्याकडे ४०० फुटांवर पण कोणाला मिळत नाही. मी टेकऑफ उंचावर उभा करते: ५,००० फुटांना जमीन समजायचं, गियर-फ्लॅप टेकऑफसारखे, स्पीड कमी, मग दोन्ही पॉवर पुढे, चढायला लागलो की एक थ्रॉटल मागे. ५,००० च्या खाली गेलात म्हणजे जमिनीवर आपटलात. बहुतेक जण पहिल्या वेळी २०० फूट खाली जातात आणि तेव्हा त्यांना ते आधीचं गणित पटतं. ग्राउंड रोलवरचं फेल द्यायचं तर व्हीएमसीच्या निम्म्या स्पीडच्या आत, रनवे लांब आणि कोरडा असेल तरच.

व्हीएमसी डेमोबद्दल जरा जास्त लिहिते. टर्बो नसलेल्या इंजिनात जसजसं वर जाल तसतशी चालू इंजिनाची ताकद कमी होते, त्यामुळे व्हीएमसी खाली येतो. स्टॉल स्पीड मात्र एअरस्पीड इंडिकेटरवर तिथेच राहतो. मग एका उंचीनंतर असं होतं की रडर संपायच्या आधीच विंग स्टॉल होतं, आणि एका बाजूला पूर्ण पॉवर असताना स्टॉल म्हणजे स्पिनला आमंत्रण, आणि ट्विनना सर्टिफिकेशनमध्ये स्पिनमधनं बाहेर काढून दाखवायची सक्ती नसते. म्हणून इन्स्ट्रक्टरने आपला पाय पेडलमागे अडवून रडरची हालचाल मर्यादित ठेवायची, म्हणजे कंट्रोल जाण्याची सुरुवात जास्त स्पीडला दिसते आणि स्टॉल लांब राहतो. स्टॉलचा हॉर्न, बफेट किंवा नाक वळायला लागलं, जे पहिलं होईल तिथे थांबायचं: चालू इंजिनाची पॉवर कमी, नाक खाली, स्पीड आल्यावर पुन्हा पॉवर. बँक पण बघा, पुस्तकातला व्हीएमसी हा चालू इंजिनाकडे पाच डिग्रीपर्यंत झुकवून काढलेला असतो, पंख सपाट ठेवलात तर प्रत्येक डिग्रीला साधारण तीन नॉट्सने तो वाढतो. लाल रेघ, म्हणजे इंडिकेटरवरची व्हीएमसीची खूण, दगडावरची रेघ समजू नका.

इंजिन खरोखर बंद करणं वर्षातनं एखाद वेळी पुरे, तेही चांगल्या एअरपोर्टच्या डोक्यावर असताना. दरवेळी बंद-चालू करून गरम सिलेंडर थंड पाडण्यात शिकायला काही जास्त मिळत नाही. आणि बंद इंजिनावर खरं लँडिंग सरावासाठी करू नका, झीरो थ्रस्टवर तेच शिकायला मिळतं आणि गो-अराउंडचा रस्ता उघडा राहतो.

कोणाबरोबर बसायचं

इन्स्ट्रक्टरला उडायच्या आधी विचारा, लाजू नका, की फेल किती उंचीवर देणार, कशाने देणार, कुठल्या स्पीडला एक्सरसाइज थांबवणार, आणि कंट्रोल कोण घेणार. न सांगता सरप्राइज फेल देणं म्हणजे चांगलं ट्रेनिंग असा एक समज आहे. सरप्राइज कधी येणार ते न सांगणं ठीक, पण हद्द काय ते दोघांना आधी माहीत पाहिजे. ब्लू लाइनपेक्षा पाच नॉट्स कमी झाले आणि वाढत नाहीत, की दोन्ही थ्रॉटल पुढे, एक्सरसाइज संपला, हे दोघांपैकी कोणीही म्हणू शकतो आणि म्हटल्यावर दुसऱ्याने वाद घालायचा नाही. मागच्या सीटवर मित्र, बायको, मुलगा कोणी नको. वजन वाढतं, सीजी (वजनाचा मध्यबिंदू) मागे जातो आणि व्हीएमसी वाढतो, आणि तसंही त्यांचं तिथे काय काम?

आपल्याकडची वर्षाची आखणी

मुंबईच्या गर्दीच्या आकाशात ही प्रॅक्टिस होणार नाही, त्यामुळे आपल्याला धुळे, शिरपूर, बारामती अशा ठिकाणी जावं लागतं. लोक पहाटे तीनला नेरूळहून किंवा घोडबंदरहून गाडी काढतात, कसारा घाट नाहीतर एक्स्प्रेस-वे, पाच-पाच तास ड्रायव्हिंग, मग पोहोचल्यावर चहा आणि सरळ इंजिन-फेलचा तास, कारण संध्याकाळी परत यायचंय. असं करू नका. आदल्या रात्री जाऊन राहा, सकाळी हवा थंड आणि शांत असताना उडा, अकरानंतर उन्हात हेलकावे खात केलेला तास पैसे घालवतो.

जून ते सप्टेंबर विमान जवळपास उभंच असतं आणि हात गंजतात. हेच चार महिने खुर्ची आणि सिमसाठी ठेवा, दर आठवड्याला थोडं थोडं. पाऊस गेल्यावर विमानाचं मेंटेनन्स होतं आणि सगळ्यांना घाई असते. मेंटेनन्सनंतरचं पहिलं उड्डाण आणि ट्रेनिंग एकत्र करू नका, ते उड्डाण फक्त विमान तपासायला. २८ जून २०१८ ला घाटकोपरला किंग एअर सी-९० पडलं ते आपल्या सगळ्यांना आठवतं, जुहूवरनं मेंटेनन्सनंतरच्या टेस्ट फ्लाइटला निघालेलं, पावसाळी हवा, विमानातले चौघं आणि रस्त्यावरचा एक जण गेला. एका उड्डाणाला एकच काम द्यावं, आणि हवा चांगली नसेल तर तेही नको.

मग इन्स्ट्रक्टरसोबत पहिला तास नुसता दोन्ही इंजिनांवर, टेकऑफ-लँडिंग, स्टॉल, स्लो फ्लाइट. दुसऱ्या तासाला इंजिन-फेल. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, गरमी वाढायच्या आधी, आणखी एकदा. डीजीसीएच्या नियमात लागतं ते किमान आहे, चार महिने न उडलेल्या माणसाला ते पुरत नाही.

दर टेकऑफच्या आधी बोलायचं ते

एकटे असलात तरी मोठ्याने बोला. उचलायच्या आधी काहीही झालं तर दोन्ही थ्रॉटल बंद, ब्रेक. उचललोय पण गियर खाली आहे आणि समोर रनवे शिल्लक आहे, तर दोन्ही बंद आणि समोरच उतरणार. गियर वर गेलाय, स्पीड ब्लू लाइनवर आहे आणि आजच्या वजन-तापमानाला चार्ट चढेल म्हणतोय, तर ड्रिल. आणि चार्ट चढणार नाही म्हणत असेल, किंवा स्पीड लाल रेघेकडे पडत असेल, तर चालू इंजिन पण मागे घ्यायचं आणि पंख सपाट ठेवून समोर जे मोकळं दिसेल तिथे उतरायचं. हे शेवटचं लोकांना बोलवत नाही. चालणारं इंजिन स्वतःच्या हाताने बंद करायचं हे मनाला पटत नाही, म्हणूनच ते जमिनीवर ठरवून ठेवायचं, वर ठरवायला वेळ नसतो. कंट्रोलमध्ये शेतात उतरलेल्या विमानातनं माणसं चालत बाहेर येतात, उलटं होऊन पडलेल्यातनं येत नाहीत.

उडून आल्यावर हँगरमध्ये बसूनच वहीत लिहा: फेल झाल्यावर हेडिंग किती डिग्री हललं, स्पीड सगळ्यात कमी किती झाला, किती उंची गेली, ओळखायला किती वेळ लागला. मागच्या वेळेशी ताडून बघा, वाईट झालं असेल तर पॅसेंजर घ्यायच्या आधी अजून एक तास घ्या. आणि ऑक्टोबरची तारीख जुलैमध्येच मागून ठेवा, पाऊस संपला की सगळे एकदम येतात आणि चांगल्या इन्स्ट्रक्टरचा सकाळचा स्लॉट मिळत नाही.